पाहुण्या लेखकांचा अंक काढताना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दरवर्षी बरेच छोटे अंक निघतात. रबीउल अव्वलमध्ये सीरतचा अंक, ईदचा विशेषांक, शाळेचं वार्षिक, एखाद्या बचत गटाची पत्रिका. चाळीस-पन्नास पानं, मोजक्या प्रती, मागच्या पानावर गॅरेजवाल्याची नाही तर बिर्याणीवाल्याची जाहिरात. अशा अंकाला पगारी लेखक नसतो. लिहिणारे सगळे पाहुणेच. चाकणच्या कारखान्यातला ऑपरेटर, डीएड करणारी मुलगी, मशिदीचे इमामसाहेब, निवृत्त झालेले एखादे चाचा. आम्ही काही शिक्षक मिळून असाच अंक काढतो, आणि नव्याने अंक काढू पाहणारी मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की लेख कुठून आणायचे? त्यानंतरचं काम जास्त अवघड आहे, पण सुरुवात या प्रश्नापासून करू.

लेख आपोआप येत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही ते मिळाले नव्हते. ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं आणि पुढे त्याच पाक्षिकात त्यांना लिहावं लागलं, की चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्यालाच भरावे लागतात. ज्या समाजासाठी पत्र होतं त्या समाजाला शिकूच दिलं नव्हतं, मग लिहिणारे हात येणार कुठून? आपल्या वस्त्यांची स्थिती आज तशी नाही. पोरं शिकली आहेत, फोनवर दिवसभर लिहितात. पण 'लेख द्या' म्हटलं की म्हणतात, "सर, मला कुठं लिहिता येतंय?"

इथे लाहोरच्या 'मखज़न'चा किस्सा कामाला येतो. शेख अब्दुल कादिर यांनी एप्रिल १९०१ मध्ये हे उर्दू मासिक सुरू केलं. पहिल्या अंकासाठी त्यांना इक्बालची नज्म हवी होती. इक्बाल तेव्हा तरुण प्राध्यापक होते. म्हणाले, तयार असं काही नाही. कादिर यांनी एका बैठकीत त्यांच्या तोंडून हिमालयावरची नज्म ऐकली होती. त्यांनी तीच मागितली. इक्बालना तिच्यात अजून सुधारणा करायच्या होत्या, तरी कादिर यांनी हट्ट धरून ती घेतली आणि पहिल्याच अंकात छापली. हा सगळा प्रकार कादिर यांनीच पुढे 'बांग-ए-दरा'च्या प्रस्तावनेत सांगितला आहे. 'काहीतरी लिहून द्या' असं ते म्हणाले नाहीत. कोणती गोष्ट हवी, हे त्यांना माहीत होतं.

आम्हीही तसंच मागतो. ऑपरेटरला 'रमजानवर लेख द्या' म्हटलं की तो कुठल्या तरी किताबातले फजाइल उतरवून आणतो. ते इमामसाहेब जास्त चांगलं सांगतात. त्याला विचारायचं, सेकंड शिफ्टला इफ्तारीची वेळ होते तेव्हा तू कुठे असतोस? मग तो सांगतो, की लाईन थांबत नाही, खजूर शर्टाच्या खिशात असतो, पाण्याची बाटली मशीनच्या मागे, आणि शेजारच्या स्टेशनवरचा पाटील न सांगता पाच मिनिटं दोन्हीकडे बघतो. हाच लेख. हा दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. ज्याला कागदावर जमत नाही त्याला आम्ही म्हणतो, फोनवर बोलून पाठव, आम्ही उतरवून घेतो, पण छापण्याआधी तुला वाचून दाखवणार.

मागतानाच तीन गोष्टी ठरवून सांगतो: किती शब्द, कोणत्या तारखेपर्यंत, आणि भाषा कोणती. सहाशे शब्द म्हटलं तर कुणाला अंदाज येत नाही, म्हणून 'फुलस्केपच्या चार बाजू, मोकळ्या अक्षरात' असं सांगतो. तारीख खऱ्या गरजेच्या आठ दिवस आधीची. याला कुणी लबाडी म्हणेल, पण शिक्षकी पेशात वह्या तपासायला मागवण्याची हीच रीत आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा असतो. घरात दख्खनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. लेख उर्दूत आला की मराठीत करावा लागतो, आणि पाहुण्या लेखकावर सगळ्यात जास्त अन्याय तिथेच होतो. 'इबादत'चं 'पूजा' करून टाकलं की वाक्य बरोबर दिसतं, पण लेखक जे म्हणाला ते उरत नाही. निकाहमधल्या 'वली'ला नुसतं 'पालक' म्हटलं तर अर्थ निम्मा होतो. 'जमात' हा शब्द तर मराठी वाचकाला जाती-जमातीकडेच घेऊन जातो. आमची पद्धत अशी, की धर्माचा खास शब्द तसाच ठेवायचा आणि त्याच वाक्यात त्याचा अर्थ कळेल अशी मांडणी करायची. बाकीच्या शब्दांसाठी फार ओढाताण करावी लागत नाही, कारण अर्ज, हकीकत, दस्तऐवज, तारीख हे मराठीने कधीच आपले केले आहेत. आपण लेखाचा कच्चा खर्डा ज्याला म्हणतो तो 'मसुदा' हा शब्दसुद्धा अरबीतून आलेला. दख्खनीतले संवाद मात्र आम्ही मराठीत करत नाही. आजी "मेरेकू नक्को" म्हणाली असेल तर तिने तेच म्हटलेलं छापलं पाहिजे.

आता लेख हातात आल्यानंतरचं काम. हदीस जमा करणाऱ्या मुहद्दिसांची शिस्त इथे आपल्याला ठाऊक हवी. एखादं वचन त्यांच्यापर्यंत आलं की ते विचारत, तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? तो माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का? सांगणाऱ्यांच्या या साखळीला इस्नाद म्हणतात, आणि सांगणाऱ्यांची चरित्रं तपासण्याचा 'अस्मा-उर-रिजाल' हा स्वतंत्र इल्मच तयार झाला. इमाम मुस्लिम यांनी आपल्या 'सहीह'च्या मुकद्दम्यात याच विषयावर विस्ताराने लिहिलं आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर बेभरवशाच्या माणसाने आणलेली खबर आधी तपासून घ्या असा थेट हुकूम आहे, आणि कारणही दिलं आहे, की नकळत एखाद्या जमावाचं नुकसान होऊ नये. ज्या उम्मतीकडे ही परंपरा आहे तिच्या अंकात 'एके ठिकाणी वाचलं होतं' चालवून घेणं आम्हाला पटत नाही.

साधं उदाहरण घ्या. शिक्षणावरचा लेख आला की दहातल्या बऱ्याच लेखांत ते चीनला जाऊन इल्म मिळवण्याचं वचन हदीस म्हणून असतंच. शाळेच्या भाषणांतही असतं. मुहद्दिसांनी त्याला कमजोर ठरवलं आहे, इब्न जौज़ींनी तर बनावट वचनांच्या आपल्या संग्रहात ते घातलं आहे. इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, या अर्थाची हदीस मात्र 'सुनन इब्न माजा'मध्ये आहे. तेवढी घेतली तरी लेखाचा मुद्दा पूर्ण होतो. म्हणून आमचा नियम आहे: हदीस असेल तर किताबाचं नाव आणि क्रमांक, आयत असेल तर सूरह आणि आयत क्रमांक, आणि दोन्ही इमामसाहेबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय अंकात नाही. लेखकाला वाईट वाटू नये म्हणून हे आम्ही लेख मागतानाच सांगतो. नंतर सांगितलं की त्याला आपल्या ईमानावर शंका घेतल्यासारखं वाटतं.

इतिहासाच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. दर जानेवारीत फातिमा शेख यांच्यावर लेख येतात, विशेषतः मुलींकडून, आणि यायलाच हवेत. पण त्यातल्या बऱ्याच लेखांत त्यांचं बालपण, त्यांचं दिसणं, त्यांचे संवाद, सगळं असतं. विचारलं तर उत्तर येतं, "मॅसेजमध्ये आलं होतं." जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं, अशी बाई कधी नव्हतीच. वस्तीत मोठी चलबिचल झाली. मुली विचारायला लागल्या, "मॅडम, म्हणजे आम्ही लिहिलं ते सगळं खोटं?"

त्याचं उत्तर कागदावर आहे. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे, आणि ते पुस्तक या सगळ्या वादाच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणजे सावित्रीबाईंसोबत काम करणारी फातिमा होती, हे सावित्रीबाईंच्याच शब्दांतून येतं. ९ जानेवारी ही जन्मतारीख मात्र त्या पत्रात नाही. ते रंगवलेले संवादही नाहीत. पाहुण्या लेखिकेने प्रेमापोटी घातलेल्या दहा न तपासलेल्या गोष्टी आपण छापल्या, की खोडणाऱ्याचं काम सोपं होतं. तो त्यातली एक खोडतो आणि अकरावी, जी खरी आहे, तीही सोबत वाहून जाते. आम्ही अशा लेखांतला फुलोरा काढतो आणि पत्राचा उल्लेख तारखेसह घालतो. लेख निम्मा होतो. पण मग त्या मुलीला कुणी अडवलं तर तिच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

ताज्या घटनांवरचे लेख याहून नाजूक. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली भंगाराची गोदामं आणि शेड फार मोठ्या प्रमाणावर पाडली. तिथे काम करणाऱ्यांत आपले लोक मोठ्या संख्येने, उत्तर प्रदेशातून येऊन वर्षानुवर्षं राहिलेले. अशा वेळी लेखांचा पूर येतो आणि प्रत्येकात आकडा वेगळा असतो. अशा लेखकाला आम्ही तीनच गोष्टी विचारतो. तू स्वतः काय पाहिलंस? बाकीचं कुणाकडून ऐकलंस? आणि हे तू त्या अधिकाऱ्यासमोर उभा राहून बोलशील का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठेवायचं, दुसऱ्यातलं तपासून जे टिकेल ते घ्यायचं, आणि तिसऱ्याला तो अडखळला तर ते वाक्य काढायचं. राग काढायचा नाही, राग खरा असतो. एखाद्या कामगाराने आपलं शेड पडताना जे पाहिलं ते दोन परिच्छेदांत लिहिलं तर ते कितीही आकड्यांपेक्षा वजनदार होतं. संपूर्ण समाजाला, मग तो कुठलाही असो, शिव्या देणारं वाक्य मात्र आम्ही लेखकाशी चर्चासुद्धा न करता काढतो, आणि हेही आधीच सांगून ठेवलेलं असतं. कुणा व्यक्तीची बदनामी झाली तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमाखाली लिहिणाऱ्यासोबत छापणाऱ्यालाही जाब द्यावा लागू शकतो. आणि आपल्या वस्तीत पोलीस दारात आले, की त्याची किंमत फक्त संपादक भरत नाही.

मग नावाचा प्रश्न येतो. कारखान्यातला कंत्राटी कामगार स्वतःच्या नावाने लिहायला घाबरतो आणि त्याची भीती फुकाची नसते. टोपणनावात कमीपणा काही नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची पत्रं 'लोकहितवादी' या नावाने येत होती, आणि मराठी माणूस आजही त्यांना त्याच नावाने ओळखतो. आमच्याकडे टोपणनाव चालतं, निनावी लेख चालत नाही. पानावर काहीही नाव असो, खरं नाव आणि फोन नंबर आमच्यापैकी दोघांना माहीत असलाच पाहिजे, आणि तो तिसऱ्याला सांगितला जाणार नाही.

मुलींच्या आणि बायकांच्या नावाचं याहून अवघड. लेख सुंदर असतो आणि घरून निरोप येतो, नाव नको. अलीगढच्या जाहिदा खातून शेरवानी आपल्या नज्मा 'ज़ े ख़े शीन' एवढ्याच अक्षरांनी छापायला देत. जन्म १८९४ चा, वारल्या १९२२ मध्ये, तिशीही गाठली नाही. वाचणाऱ्यांना ही कोण, हे बराच काळ कळलं नव्हतं, पण ती तीन अक्षरं मात्र सगळे ओळखत होते. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, लाहोरला मुहम्मदी बेगम 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या साप्ताहिकाच्या संपादक झाल्या होत्या, म्हणजे बाईचं नाव छापायचंच नाही ही काही आपली एकमेव परंपरा नव्हे. आम्ही आधी लिहिणारीलाच विचारतो, तिच्या अब्बांना किंवा भावाला नंतर. तिला नाव हवं असेल आणि घर नको म्हणत असेल, तर आमच्यातली एखादी मॅडम घरी जाऊन अम्मीशी बोलते. चहा होतो, बऱ्याचदा काम होतं. नाहीच झालं तर टोपणनाव. फक्त 'एक बहीण' किंवा 'एक विद्यार्थिनी' असं आम्ही छापत नाही. टोपणनाव ठरलेलं असलं की पुढच्या वर्षी वाचक म्हणतो, अरे, ही मागच्या अंकातलीच. 'एक बहीण' दरवर्षी नवीच असते, तिला कुणी ओळखत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. शुद्धलेखन, विरामचिन्हं, दुहेरी वाक्यं आम्ही न विचारता नीट करतो. मथळा बदलला, परिच्छेद काढला, क्रम फिरवला तर विचारून. मत बदलायचं नाही. ते आमच्या मताविरुद्ध असलं तरी, पटलं नाही तर लेख परत करायचा, आतून मुरडायचा नाही. 'सत्यकथा'चे राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून लिहून लेखन घडवून घेत, असं मराठीत आदराने सांगितलं जातं. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण दोन ओळींचं उत्तर तर जमतं. लेख नको असेल तर का नको हे सांगावं. न कळवता लेख पडू दिला की तो माणूस पुन्हा कधी लिहीत नाही, आणि मशिदीबाहेर भेटला तर नजर चुकवतो.

कायद्यानेही लेखकाचा मान ठेवावाच लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पाहुण्या लेखकाच्या लेखाचा मालक तो स्वतःच राहतो, अंक नाही. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. आणि ५७ व्या कलमाप्रमाणे लेखाला आपलं नाव लागावं, आणि इज्जतीला धक्का लागेल असा फेरफार होऊ नये, हा हक्क लेखकाकडे कायम असतो. म्हणून आम्ही एका कागदावर लिहून घेतो: लेख माझा आहे, कुठून उतरवलेला नाही, या अंकात एकदा छापायला परवानगी आहे. पुढच्या वर्षी संग्रहात घ्यायचा तर पुन्हा विचारतो. शाळकरी मुलाचा लेख असेल तर सही पालकांची, फोटो छापायचा असेल तर त्याची वेगळी.

एवढं सगळं कसं लक्षात राहणार, असं नवे संपादक विचारतात. त्यासाठी दोनशे पानी रजिस्टर पुरतं. रकाने असे आखले आहेत: लेखकाचं खरं नाव, छापायचं नाव, विषय, मागितल्याची तारीख, आल्याची तारीख, कुणी तपासलं, संदर्भ मिळाला का, काय बदललं, लेखकाला कधी दाखवलं, छापला की परत केला. शेवटचा रकाना 'प्रती पोचल्या' असा आहे. लेखकाला दोन प्रती, हातात. एक त्याच्यासाठी आणि एक घरच्यांसाठी. चाकणला शिफ्टमुळे जो घरी सापडत नाही त्याची प्रत जुम्याच्या नमाजनंतर द्यायची, नाही तर त्याच्या कंपनीच्या बसच्या थांब्यावर, सकाळी पावणेसहाला. ज्याच्या नावापुढे हा रकाना कोरा आहे, त्याच्याकडे पुढच्या अंकासाठी लेख मागायला आम्ही जात नाही. आधी प्रत पोचवतो.